आजीचा चौकोन : क्रोशाचे पहिले काम आणि त्याचा हिशेब

रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली, हरभऱ्याची मळणी आटोपली आणि पाडव्यापर्यंतचे थोडे दिवस सैल दिसू लागले, म्हणजे गावच्या महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : या दिवसांत हाताला नवे काम कोणते द्यावे? शिवणयंत्र घ्यावयाचे तर भांडवल लागते. लोणची-पापड सर्वच गट करतात. अशा वेळी एक सुई आणि थोडी लोकर एवढ्यावर सुरू होणारे क्रोशाचे विणकाम सुचविले जाते, आणि ते योग्यही आहे. मात्र ते शिकविताना दोन चुका वारंवार होतात. पहिली ही की, शिकणाऱ्या स्त्रीला आरंभीच मोठे काम दिले जाते, ते अर्धवट राहते आणि माळ्यावर जाऊन पडते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. टाके शिकविले जातात, पण टाक्यांना लागणाऱ्या वेळाचा हिशेब शिकविला जात नाही.

या दोन्ही चुका टाळण्यास एक लहानसा तुकडा फार उपयोगी पडतो. हातभर काम पुरे होण्याची वाट न पाहता तळहाताएवढा चौकोन विणावयाचा. तो झाला की बाजूस ठेवून दुसरा घ्यावयाचा. आणि पुरेसे चौकोन झाले म्हणजे ते जोडून पांघरूण, उशीचा अभ्रा, तोरण, जे हवे ते करावयाचे. इंग्रजीत या तुकड्यास ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात. मराठीत त्याला आजीचा चौकोन म्हणावयास हरकत नाही. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवणाऱ्या आजीला या कामाची रीत समजावून सांगावी लागणार नाही. दोहोंतील विचार एकच आहे : उरलेले टाकावयाचे नाही.

या चौकोनाचे छापील रूपात ज्ञात असलेले पहिले वर्णन शेतकऱ्यांच्याच एका नियतकालिकात सापडते. अमेरिकेतील शिकागो येथून निघणाऱ्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतीविषयक पत्राच्या 4 एप्रिल 1885 च्या अंकात श्रीमती फेल्प्स या वाचक स्त्रीने उरल्यासुरल्या लोकरीचे असे चौकोन विणून जोडण्याची कल्पना कळविली होती. पिके, गुरे आणि अवजारे यांच्या चर्चेत त्या पत्राने या मजकुरास जागा दिली. म्हणजे शेतीच्या पत्रिकेत विणकाम यावे यात नवे काहीच नाही.

महाराष्ट्राच्या घराघरांत क्रोशा अनोळखी नाही. लग्नाच्या रुखवतात क्रोशाचे तोरण, ताटावरचा रुमाल, देव्हाऱ्यातील आसन मांडण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. गोव्यात तर क्रोशाचे काम कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण हे काम बहुधा बारीक सुताचे आणि बारीक सुईचे असते. त्यात नवशिक्या हाताचे टाके दिसतही नाहीत आणि सुधारताही येत नाहीत. म्हणून सुरुवात जाड लोकरीवर करावी. टाका डोळ्याला दिसला पाहिजे.

साहित्य

क्रोशाच्या सुईच्या टोकाशी आकडी असते. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये तिच्या दांड्यावर छापलेली किंवा कोरलेली असते. मध्यम जाडीच्या लोकरीसाठी 4 मिलिमीटरची सुई घ्यावी. तोरणाच्या सुताची सुई 1 मिलिमीटरच्या आसपास असते. ती या कामास चालत नाही. याशिवाय कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि मोजपट्टी लागेल. लोकर फिक्या रंगाची घ्यावी. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीवर शिकविण्याचा हट्ट धरू नये. कंदिलाचे दिवस गेले असले तरी संध्याकाळी विजेच्या एका दिव्याखाली गडद टाका ओळखता येत नाही.

बाजारात ‘लोकर’ म्हणून जी स्वस्त गुंडी मिळते ती पुष्कळदा मेंढीची नसून अॅक्रिलिक नावाच्या कृत्रिम धाग्याची असते. ओळखावयाचे असल्यास वीतभर धागा तोडून चिमट्यात धरावा आणि मोकळ्या जागी, जवळ पाणी ठेवून, पेटवून पाहावा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ करडी राख ठेवतो. अॅक्रिलिक वितळते आणि त्याची काळी कठीण गोळी होते. अॅक्रिलिक वाईट असते असे नाही. ते स्वस्त असते, घरी धुता येते, कसर लागत नाही. पण चुलीजवळ वावरताना अंगावर घ्यावयाच्या वस्तूसाठी ते वापरू नये, कारण वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. आणि त्यावर गरम इस्तरीही फिरवू नये, कारण उष्णतेने विणीचा सारा जीव जाऊन ती लोंबू लागते.

धनगरवाड्यांतून दख्खनी मेंढीची लोकर सहज मिळते, ती का वापरू नये, असे विचारले जाईल. ती भरड आणि टोचरी असते. घोंगडीस तिचा जो गुण आहे तोच तान्ह्या मुलाच्या पांघरुणात दोष ठरतो. आसन किंवा बैठक विणावयाची असेल तर मात्र हातकताईचा जाड धागा घेऊन 6 मिलिमीटरच्या सुईने प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे.

हात बसविणे

हे काम केवळ स्त्रियांचे आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्याने बैलाची मुसकी किंवा शिंके विणले आहे, त्याच्या बोटांना फास, ओढ आणि ताण या तिन्ही गोष्टी ठाऊक असतात. सुई उजव्या हातात लेखणीसारखी किंवा सुरीसारखी, जशी सोयीची वाटेल तशी धरावी. धागा डाव्या हाताच्या करंगळीभोवती एकदा फिरवून तर्जनीवरून आणावा. ताण करंगळीने राखावयाचा असतो. नवशिक्या हाताची मूठ आवळलेली राहते आणि टाके इतके घट्ट होतात की त्यांत सुई पुन्हा शिरत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक नंबर जाड सुई देणे, रागावणे नव्हे. डावखुऱ्या मुलीला शेजारी न बसविता समोर बसवावे. शिकविणारीचे हात तिला आरशातल्यासारखे दिसतात आणि काम आपोआप जमते.

आरंभ सरकगाठीने होतो. गुरांना बांधताना जिचा फास ओढला की आवळतो आणि ढिला केला की सुटतो, तीच ही गाठ. ती सुईवर चढवावी. आता धागा सुईवरून मागून पुढे आणावा, आकडीत पकडावा आणि सुईवरच्या फासातून ओढून घ्यावा. ही झाली एक साखळी. पहिल्या दिवशी याच्या पुढे जाऊ नये. वीस-पंचवीस साखळ्या विणाव्यात, उसवाव्यात, पुन्हा विणाव्यात. उसवणे हा क्रोशाचा मोठा गुण आहे. धागा ओढला की चूक नाहीशी होते आणि लोकर वाया जात नाही. हे कळले की शिकणारीची भीती निम्मी होते.

दुसरा टाका म्हणजे खांब. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा. सुई ज्या पोकळीत खांब उभा करावयाचा तिच्यात घालावी आणि तेथून धागा ओढून बाहेर आणावा. आता सुईवर तीन फास दिसतील. धागा घेऊन पहिल्या दोन फासांतून ओढावा, दोन उरतील. पुन्हा धागा घेऊन त्या दोहोंतून ओढावा, एक उरेल. साखळी आणि खांब एवढ्या दोन टाक्यांवर सारा चौकोन उभा राहतो.

येथे एक सूचना केली पाहिजे. आता अनेक मुली भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून शिकतात. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला इंग्लंडमधील पुस्तके ‘ट्रेबल’ म्हणतात, तर अमेरिकेतील पुस्तके ‘डबल क्रोशे’ म्हणतात. आणि इंग्लंडमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हटले की त्याहून बुटका असा वेगळाच टाका समजतात. चित्रफीत कोणत्या देशाची आहे हे न पाहता विणले तर चौकोनाचे माप चुकते आणि दोष मात्र विणणारीच्या हातावर येतो.

चौकोन

चार साखळ्या विणाव्यात. सुई पहिल्या साखळीत घालून धागा घ्यावा आणि दोन्ही फासांतून एकदम ओढावा. लहानसे कडे तयार होईल. पुढील सर्व खांब या कड्याच्या मधल्या पोकळीत घालावयाचे आहेत, साखळीच्या टाक्यांत नव्हे. पुष्कळ जणी येथेच अडतात, म्हणून कडे बोटात धरून पोकळी दाखवावी.

पहिली फेरी अशी. तीन साखळ्या विणाव्यात. त्या उभ्या धरल्या की एका खांबाइतक्या उंच होतात, म्हणून त्यांना पहिला खांब मोजावयाचे. कड्यात आणखी दोन खांब घालावेत. म्हणजे तीन खांबांची एक जुडी झाली. मेथीची जुडी बांधावी तसे हे तीन खांब पायाशी एकत्र राहतात. मग दोन साखळ्या. पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या. पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या. पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या. आता सुई आरंभीच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालून धागा दोन्ही फासांतून ओढून फेरी बंद करावी. चार जुड्या आणि त्यांच्यामध्ये दोन साखळ्यांच्या चार पोकळ्या दिसतील. त्या चार पोकळ्या म्हणजेच चौकोनाचे चार कोपरे. अजून ते गोलसर दिसते; पण काम बरोबर आहे, उसवू नये.

दुसरी फेरी कोपऱ्यातून सुरू होते. तोच रंग चालू ठेवावयाचा असेल तर पुढच्या दोन खांबांच्या डोक्यांवरून, फेरी बंद करताना घातला तसाच बुटका टाका घालीत, कोपऱ्यापर्यंत सरकावे. रंग बदलावयाचा असेल तर धागा तोडून, शेवटच्या फासातून ओढून घ्यावा आणि नवा रंग कोणत्याही कोपऱ्यात जोडावा. कोपऱ्यात तीन साखळ्या व दोन खांब, मग दोन साखळ्या, आणि त्याच कोपऱ्यात आणखी तीन खांब. एका कोपऱ्यात दोन जुड्या बसल्या. मग एक साखळी विणून पुढच्या कोपऱ्याकडे जावे. तेथे तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. पुन्हा एक साखळी. चारही कोपरे झाले की शेवटची एक साखळी विणून फेरी बंद करावी. आता चौकोन खरोखरच चौकोन दिसू लागतो.

तिसऱ्या फेरीत एकच गोष्ट नवी आहे. दोन कोपऱ्यांच्या मधे, बाजूवर, मागील फेरीतील एका साखळीची जी पोकळी आहे तिच्यात एक जुडी घालावयाची. तिच्या आधी व नंतर एकेक साखळी. कोपऱ्यात दोन जुड्या, बाजूच्या प्रत्येक पोकळीत एक जुडी, हा नियम पुढे कितीही फेऱ्या केल्या तरी बदलत नाही.

या नियमाचे कारण समजून घेतले तर पाठ करावे लागत नाही. फेरी जसजशी बाहेर जाते तसतसा तिचा घेर वाढला पाहिजे, नाही तर काम वाटीसारखे वर उचलले जाते. आजीच्या चौकोनात ही सारी वाढ कोपऱ्यांवर टाकलेली आहे. पहिल्या फेरीत चार जुड्या म्हणजे 12 खांब, दुसरीत 24, तिसरीत 36, चौथीत 48. प्रत्येक फेरी मागील फेरीपेक्षा बरोबर 12 खांबांनी मोठी. चार फेऱ्यांचा चौकोन 120 खांबांचा होतो. यातून शिल्लक लोकर वापरण्याचा हिशेबही निघतो : मधल्या कड्याला चिमूटभर रंग पुरतो, पण चौथ्या फेरीस पहिलीच्या चौपट लोकर लागते. गुंडीत किती धागा उरला आहे हे पाहून तो रंग आत घालावयाचा की बाहेर, ते ठरवावे. प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी एकाच रंगाची ठेवली, तर आतले रंग कितीही विसंगत असले तरी जोडलेले काम एकजीव दिसते. त्या रंगाची लोकर मात्र एकदम, एकाच रंगणीची आणावी. महिन्याने आणलेली गुंडी दिसावयास तशीच असते आणि उन्हात नेली की वेगळी पडते.

दोष कोठे आहे हे चौकोन स्वतःच सांगतो. कडा लाटेसारख्या फेंगाडल्या तर बाजूच्या पोकळीत चुकून दोन जुड्या पडल्या आहेत, किंवा साखळ्या फार सैल आहेत. मधला भाग उचलला गेला तर कोपऱ्यातील दुसरी जुडी राहून गेली आहे. एक कोपरा बोथट दिसला तर तेथे दोन साखळ्या विणावयाच्या विसरल्या. चौकोन तिरपा होऊन चारही बाजू किंचित वळल्यासारख्या दिसतात, तो मात्र दोष नव्हे. दर फेरीस एकाच दिशेने विणल्यामुळे तसे होते. फेरी संपली की काम उलटून पुढची फेरी विणली तर वळण राहत नाही.

कार्यकर्तीने तपासताना टाके मोजण्याच्या फंदात न पडता कोपरे मोजावेत. चार कोपरे आणि प्रत्येकात दोन जुड्या असल्या की बाकीचे बहुधा बरोबर असते.

शेपट्या आणि जोडणी

रंग बदलला की धाग्याची दोन टोके लोंबतात. त्यांना विणणाऱ्या स्त्रिया शेपट्या म्हणोत की आणखी काही, पण सर्वांत कंटाळवाणे काम तेच आहे. टोक अर्ध्या वितीहून आखूड तोडू नये. ते बोथट सुईत ओवून त्याच रंगाच्या खांबांच्या पायातून एका दिशेने न्यावे, मग एक धागा सोडून उलट दिशेने परत आणावे आणि तेव्हाच कापावे. गाठ मारून जवळ कापण्याचा मोह सर्वांना होतो. तशी गाठ पहिल्या दोन धुण्यांत सुटते आणि चौकोन मधूनच उघडतो. गिऱ्हाईक परत येत नाही ते याच कारणाने. रंगसंगती आवडली नाही म्हणून क्वचितच.

जोडण्यापूर्वी सर्व चौकोन एका मापाचे करावेत. ओले करून, पिळून न काढता टॉवेलात दाबून, घडी घातलेल्या गोधडीवर टाचण्यांनी चारही कोपरे ताणून लावावेत आणि सावलीत वाळू द्यावेत. मग दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून, मोठ्या सुईने कडेच्या टाक्यास टाका जुळवीत शिवावे. आधी सर्व आडव्या शिवणी, नंतर सर्व उभ्या, असे केल्यास कोपरे एकमेकांस भिडतात. शिवण ओढून घट्ट केली तर पांघरूण पट्ट्यापट्ट्यांनी आखडते.

तान्ह्या मुलासाठी पांघरूण करावयाचे असल्यास मधल्या कड्याचे भोक लहान ठेवावे आणि शेपट्या दुप्पट काळजीने बसवाव्यात. बोट अडकेल असा सैल फास त्यात राहता कामा नये. कोकणात लोकरीचे पांघरूण फारसे उपयोगी नाही. तेथे हाच चौकोन सुती धाग्याचा करून तोरण करावे. 12 सेंटिमीटरचा चौकोन कोपऱ्यावर उभा टांगला तर त्याची रुंदी सुमारे 17 सेंटिमीटर भरते. असे पाच चौकोन ओळीने लावले की साधारण दाराची चौकट सजते.

हिशेब

या पत्रिकेसारख्या लेखनात विणकामास ‘फावल्या वेळेचा उद्योग’ म्हणण्याची जुनी सवय आहे. पाणी, सरपण, गुरे, रांधप आणि निंदणी यांतून शेतकरी स्त्रीस मिळणारा वेळ फावला असतो, हे विधान कोणत्या घरात पाहून केले जाते ते कळत नाही. तो वेळ तिच्या विश्रांतीतून येतो. म्हणून त्याची किंमत मांडली पाहिजे.

लहान मुलाचे पांघरूण घेऊ. 12 सेंटिमीटरचे चौकोन, आडवे 8 आणि उभे 10, म्हणजे 80 चौकोन. माप 96 बाय 120 सेंटिमीटर. खांब झाले 9,600. प्रत्येक चौकोनात चार रंग असतील तर एका चौकोनास आठ, म्हणजे एकूण 640 शेपट्या. जोडावयाच्या कडा 142, त्यांची शिवण सुमारे 17 मीटर. समजा, हात बसलेल्या स्त्रीस एका चौकोनास अर्धा तास आणि त्याच्या शेपट्या बसविण्यास 6 मिनिटे लागतात. एकूण 48 तास. जोडणी आणि भोवतीची किनार यांना 12 तास धरले तर 60 तासांचे काम झाले. आठ तासांचा दिवस धरल्यास साडेसात दिवस.

आता समजा, शहरातील एक व्यापारी गावात येतो, लोकर स्वतः देतो आणि शेपट्या बसविलेल्या चौकोनास 10 रुपये देऊ करतो. जोडणी तो अन्यत्र करून घेणार. 80 चौकोनांचे 800 रुपये ऐकावयास बरे वाटतात. पण ते 48 तासांचे, म्हणजे सहा दिवसांचे आहेत. दिवसास 133 रुपये. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा केंद्राने ठरविलेला दर दिवसास 297 रुपये होता. त्याच दराने साडेसात दिवसांची मजुरी सुमारे 2,228 रुपये होते, आणि लोकरीचा खर्च त्यावर.

हा प्रसंग कल्पनेचा असला तरी त्याच्या मागे खरा इतिहास आहे. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकविली आणि पुढे तिची परदेशी निर्यात वाढली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने तेथील कामाचा अभ्यास करून 1982 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. घरोघरी स्त्रिया विणत होत्या. एक फुले करी, दुसरी ती जोडी, आणि पुरी वस्तू कोणत्या भावाने विकली जाते हे दोघींनाही कळत नसे. व्यापार पुरुषांच्या हाती होता. तासन्‌तास विणणाऱ्या या स्त्रियांना ‘घरी बसलेल्या’ गृहिणी मानले जाई, आणि त्यांची कमाई शेतमजूर स्त्रीच्या मजुरीहूनही कमी पडे. त्याच नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने मालाचे नाव सुरक्षित होते. विणणारीच्या हाती किती पडते हे मात्र दर कोण ठरवितो यावर अवलंबून राहते.

क्रोशाबाबत हे अधिकच ध्यानात घ्यावयाचे, कारण स्वेटरची वीण यंत्रावर होते, पण खऱ्या क्रोशाचे यंत्र व्यवहारात आलेले नाही. बाजारात दिसणारा असा प्रत्येक चौकोन कोणाच्या तरी हाताने विणलेला असतो. तो फार स्वस्त असेल तर त्यातील वेळ कोणीतरी स्वस्तात दिला आहे.

यावरून गटाने काय करावे? सर्व स्त्रियांनी गाठीपासून किनारीपर्यंत संपूर्ण वस्तू करावयास शिकावे. नुसते चौकोन करणारी आणि नुसती जोडणारी अशी वाटणी कायमची होऊ देऊ नये. तुकड्याच्या दराने काम घ्यावयाचेच असेल तर आधी तास मोजून मग दर बोलावा. पांघरुणाची पुरी किंमत ग्रामीण बाजारात बहुधा मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगावे. यंत्राच्या पांघरुणाशी त्याची किमतीत स्पर्धा होऊ शकत नाही. ते आपल्या घरातील बाळंतविड्यासाठी करावे. विक्रीस तोरण, उशीचा अभ्रा, पिशवी अशा कमी तासांच्या वस्तू ठेवाव्यात. थंडीत विकावयाचा लोकरी माल श्रावण-भाद्रपदात विणून झालेला असावा, कारण पुढे सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की सुई हातात धरावयास कोणासही वेळ मिळत नाही.

लोकर किती लागते हे ठरविण्यास दहा तयार चौकोन वाण्याच्या तराजूवर एकत्र तोलावेत आणि दहाने भागावे. एकेक तोलून आकडा नीट येत नाही. चार रंगांऐवजी एकाच रंगाचे चौकोन केले तर शेपट्या 640 वरून 160 वर येतात. दोन्ही प्रकारचे चौकोन करून त्यांचे वेळ ताडून पाहावेत. दोहोंच्या किमतीत किती फरक ठेवावयाचा ते त्यावरून ठरते.

प्रत्येक स्त्रीचा पहिला चौकोन वाकडा झाला तरी उसवू नये. गटाच्या वहीत तिच्या नावाच्या पानावर तो टाचून ठेवावा आणि खाली तारीख व लागलेली मिनिटे लिहावीत. दहावा चौकोन झाला की त्याचीही मिनिटे त्याच पानावर लिहावीत. दराची बोलणी या दुसऱ्या आकड्यावरून करावी.